कुत्र्याचं भांडं

भांड्यांच्या दुकानात जाऊन ‘कुत्र्यासाठी एक भांडं दाखवा’ असं म्हणून पाहा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघतो आणि मग हसतो. मुरूमच्या बाजारपेठेत मला मिळालेलं उत्तर असं होतं : ‘साहेब, कुत्र्याला नवं भांडं कशाला? घरातलं एखादं जुनं ताट टाका की!’

त्यातलं ‘टाका’ मला महत्त्वाचं वाटलं. आपण माणसाला वाढतो, गाईला घालतो आणि कुत्र्याला टाकतो. भाकरी टाकायची, ती मातीत पडली की शेणात, हे बघायला कुणी थांबत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे कुत्र्याविषयी माया नाही असा मुळीच नाही. मुरूम हे उमरगा तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेला खेटून असलेलं बाजाराचं गाव. इथल्या कुत्र्यांना दोन भाषा येतात. ‘यू यू’ म्हटलं तरी येतात आणि कानडीतलं ‘बा बा’ म्हटलं तरी येतात. एका बाजूला अक्कलकोट, दुसऱ्या बाजूला गाणगापूर. म्हणजे दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री इथं घरोघरच्या तसबिरीत आहेत. नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा जवळच, आणि त्याच्याबरोबर कुत्रा असायचाच. जुन्या घरांत वैश्वदेवानंतर काकबळीबरोबर श्वानबळीही काढत. आणि नामदेवांची गोष्ट तर लहान मुलांनाही पाठ असते : कुत्रा कोरडीच भाकरी घेऊन पळाला म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पण नीट बघा, वाटी नामदेवांच्या हातात होती. कुत्र्यापुढे भांडं ठेवल्याची गोष्ट मला आपल्या कथा-कीर्तनांत कुठं भेटलेली नाही. माया आहे, भांडं तेवढं नाही.

मग प्रत्यक्षात कुत्र्यापुढे काय असतं? मुरूमच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारली की दिसतं. टवके उडालेलं इनॅमलचं ताट. पोचे पडलेलं जर्मनचं पातेलं. रंगाच्या रिकाम्या बादलीचं कापलेलं बूड. फुटलेल्या माठाचा खालचा अर्धा भाग. सिमेंट कालवून झाल्यावर बाद झालेलं घमेलं. आणि शेतातल्या वस्तीवर गेलात, तर कधी कधी औषधाचा कापलेला डबा. इथं औषध म्हणजे तुरीवर, सोयाबीनवर फवारायचं कीटकनाशक.

इतर वस्तूंबद्दल पुढे बोलू, पण हा डबा आधीच बाजूला काढतो. कीटकनाशकाचा डबा कितीही वेळा धुतला, राखेनं घासला, महिनाभर उन्हात ठेवला, तरी तो कोणत्याही जिवाच्या खाण्यापिण्यासाठी वापरू नये. ही माझी अतिकाळजी नव्हे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच असे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते मोडून, वस्तीपासून दूर पुरावेत असं सांगितलेलं आहे. शेतावरचा कुत्रा एका सकाळी तोंडाला फेस येऊन पडतो आणि ‘कुणीतरी घातलं’ असा बोभाटा होतो. अशा वेळी पहिली नजर त्याच्या पाण्याच्या डब्याकडे जायला हवी.

आता भांडं निवडायचं, तर कुत्रा पाणी पितो कसा हे आधी बघावं. माणूस ओठ लावून ओढून घेतो, गाय-बैलही ओढून घेतात. कुत्र्याला ते जमत नाही, कारण त्याचे गाल तोंडाला पुढून तसे बंद करत नाहीत. तो जीभ बाहेर काढतो आणि ती मागच्या बाजूला, हनुवटीकडे वळवतो. आपल्याला वाटतं की या पळीत तो पाणी भरून घेतो. पण २०११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या अल्फ्रेड क्रॉम्प्टन आणि कॅथरिन मुसिन्स्की यांनी क्ष-किरणांनी चित्रण करून दाखवलं, की पळीतलं बहुतेक पाणी सांडूनच जातं. जीभ झटक्यानं वर जाताना तिच्या पुढच्या बाजूला चिकटून पाण्याचा एक उभा स्तंभ वर उठतो आणि तो पडायच्या आत कुत्रा जबडा मिटतो. मांजरही याच युक्तीनं पितं, फक्त ते नजाकतीनं पितं आणि कुत्रा धसमुसळेपणानं.

म्हणजे कुत्रा पाणी सांडतो तो शिस्त नसल्यामुळे नव्हे, त्याची पिण्याची रीतच तशी आहे. म्हणून त्याला उथळ ताटात पाणी देऊ नये. भांडं जरा खोल, तोंडाला रुंद आणि बुडाला जड हवं. खाण्याच्या भांड्याचं गणित वेगळं. त्याचं नाक बुडापर्यंत पोचलं पाहिजे. आपल्या भागातला कारवानी किंवा पश्मी कुत्रा घ्या. निमुळतं, हातभर तोंड. त्याला पसरट ताटात पातळ कालवण दिलं तर तो ते अंगणभर ढकलत नेतो. मोबाइलच्या जाहिरातीनंतर उमरगा-मुरूमपर्यंत येऊन पोचलेला तो चपट्या नाकाचा पग घ्या. त्याला खोल भांड्यात दिलं तर बिचाऱ्याचं नाक आधी बुडतं आणि जीभ मागाहून पोचते.

हल्ली शहरातून उंच स्टँडवर बसवलेली भांडी येतात. मान वाकवायला लागत नाही, पचन चांगलं होतं, असं विकणारा सांगतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र मोठ्या आणि फार मोठ्या जातींच्या कुत्र्यांत उंचावरच्या भांड्यामुळे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढलेला दिसला होता. हा पीळ काही तासांत जीव घेतो. म्हाताऱ्या, मानेच्या किंवा सांध्यांच्या दुखण्यानं बेजार झालेल्या कुत्र्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं तर स्टँड घ्यावा. एरवी जमीन पुरे. बकाबका गिळणाऱ्या कुत्र्यासाठी आपल्याकडचा उपाय स्टँडपेक्षा बरा वाटतो मला : ताटात मधोमध एक स्वच्छ, गुळगुळीत, तोंडात मावणार नाही एवढा मोठा गोटा ठेवायचा. त्याच्या कडेकडेनं खाताना वेग आपोआप कमी होतो.

आता भांडं कशाचं असावं? मला विचाराल तर पाण्यासाठी सगळ्यांत देखणं भांडं म्हणजे जुनं उखळ. घरात मिक्सर आल्यावर उखळं बाहेर आली. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे झालेल्या भूकंपानंतर या पट्ट्यातली दगडमातीची घरं उतरवली गेली, तेव्हाही कितीतरी उखळं, जाती, दगडी डोणी उघड्यावर पडली. काहींचं तुळशीपाशी पाणपात्र झालं. उखळ कलंडत नाही, कुत्रा ते ओढून नेत नाही, चोरही नेत नाही. सावलीत असेल तर भर वैशाखात पाणी गार राहतं. पण त्याचा मोठा दोष त्याच्या गुणातच आहे. ते उपडं करता येत नाही. तळाशी चिखल, कडेला शेवाळ, वर मेलेली माशी. रोज तांब्यानं उपसून काथ्यानं घासायची तयारी असेल तरच उखळ. नाहीतर ते शोभेपुरतं असू द्यावं.

दुसरं कुंभाराचं परळ. त्यातून पाणी झिरपतं, झिरपलेलं उडून जातं आणि आतलं गार होतं, माठाचाच न्याय. पण ज्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याच छिद्रांत तेल-तूप-कालवणही मुरतं आणि ते निघत नाही. म्हणून परळ फक्त पाण्याला. आठवड्यातून एकदा कडक उन्हात कोरडं वाळवावं, आणि एका उन्हाळ्यानंतर कुंड्यांच्या बुडाशी घालायला द्यावं. फुटक्या माठाचं बूड चालतं का? चालतं, पण कडा धारदार राहतात. दगडावर घासून बोथट करून घ्याव्यात.

पितळेची भांडी कल्हईविना ताकाला लावू नयेत हे आपल्या आयांना माहीत होतं, ताक कळकतं. तेच ताक कुत्र्यासाठी म्हणून कल्हई उडालेल्या पितळीत ओततात! जर्मनचं भांडंही आंबट पदार्थाला बरं नव्हे, आणि दात लागून त्याला पडलेल्या पोच्यांत घाण बसते. इनॅमलचा टवका अन्नात जातो आणि खालचं लोखंड गंजतं. प्लास्टिक स्वस्त आणि हलकं. पण कुत्रा ते चावतो, त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतू घर करतात. जाड बरणीच्या चिनी मातीची वाडगी चांगली, जोवर तडा जात नाही तोवर. तडा गेला की निरोप द्यावा.

राहिलं स्टेनलेस स्टील. दिसायला रुक्ष, पण माझं मत त्यालाच. ते मुरत नाही, कळकत नाही, उकळत्या पाण्यानं धुता येतं. जाड पत्र्याचं, रुंद बुडाचं, शक्यतो खाली रबराची कडी असलेलं घ्यावं. पुष्कळ लोक दुकानात खिशातून चुंबक काढतात आणि ते चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील असं ठरवतात. तसं नसतं. हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक बहुधा चिकटत नाही. वजन बघावं, कड बोटानं चाचपून बघावी. आणि स्टील उन्हात ठेवू नये, पाणी चहासारखं होतं.

इथवर खरेदी झाली. खरी गोष्ट यापुढे सुरू होते, आणि बहुतेक घरांत ती सुरूच होत नाही. भांडं धुणं!

रात्री ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात सकाळी आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागतं. ती बुळबुळ म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती विणलेला थर असतो. नुसतं पाणी बदलून तो जात नाही, घासावाच लागतो. याबाबतीत आपणच आळशी आहोत असं मानायचं कारण नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी ४१७ कुत्रापालकांना विचारून २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. तिथल्या सरकारी खात्याची सूचना आहे की प्रत्येक जेवणानंतर भांडं साबणानं आणि गरम पाण्यानं धुवावं. ही सूचना पाच टक्क्यांहूनही कमी लोकांना माहीत होती. २२ टक्के लोक आठवड्यातून एकदा धूत होते, आणि १८ टक्के तीन महिन्यांतून एकदाही नाही, किंवा कधीच नाही. नळ सोडला की गरम पाणी येणाऱ्या देशातली ही कथा.

आमच्याकडे मात्र आळसाखेरीज दुसरं एक खरं कारण आहे : पाणी. मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आलं आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. ज्या घरात कपडे धुतलेलं पाणी संडासाला आणि भांडी विसळलेलं पाणी झाडाला जातं, तिथं ‘कुत्र्याचं भांडं रोज धुवा’ असं सांगणाऱ्याकडे लोक रागानं बघणारच. पण हे दोन पेल्यांत होतं. आधी चुलीची राख घेऊन भांडं कोरडंच घासायचं. राख तेलकटपणा ओढून घेते. राख नसेल तर जुना कागद. मग एक पेला साबणाचं पाणी, मग एक पेला स्वच्छ पाणी, आणि मग ऊन. उन्हाची टंचाई आम्हाला कधी पडलेली नाही. टंचाईच्या दिवसांत पाण्याचं भांडं लहान ठेवावं आणि दोनतीनदा भरावं. मोठं भरून संध्याकाळी अर्धं ओतून देण्यात अर्थ नाही. काथ्या मात्र वेगळा हवा, आणि तो मोरीतल्या माणसांच्या काथ्याशेजारी टांगू नये. घरात पार्व्होनं एखादं पिल्लू गेलं असेल तर त्याचं भांडं दुसऱ्या पिल्लाला देण्याची घाई करू नये. तो विषाणू साबणाला दाद देत नाही आणि महिनोन्‌महिने टिकतो. स्टीलचं असेल तर स्वच्छ घासून, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं बुडवून ठेवावं. मातीचं किंवा प्लास्टिकचं असेल तर टाकून द्यावं.

‘वेगळं भांडं, वेगळा काथ्या’ हे लिहिताना हात जरा अडखळतो. आपल्या गावांत वेगळ्या भांड्याचा इतिहास काही चांगला नाही. वळचणीला खोचलेला कप, वरून ओतलेलं पाणी, हे माझ्या पिढीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्या चवदार तळ्याचं पाणी जनावरांना मोकळं होतं, ते माणसांना मिळावं म्हणून १९२७ च्या २० मार्चला महाडला सत्याग्रह करावा लागला. कुत्र्याचं भांडं वेगळं ठेवायचं ते जंतांसाठी, जंतूंसाठी. तिथं विटाळाचा संबंध नाही. हा फरक घरातल्या मुलांना भांडं धुता धुताच सांगितलेला बरा.

हे सगळं घरातल्या कुत्र्याचं झालं. दाराबाहेरच्या भांड्याचं काय? आमच्या गल्लीतल्या एक अक्का दर उन्हाळ्यात लिंबाखाली पाण्याचं भांडं ठेवतात. गेल्या खेपेला समोरच्या घरातले अण्णा भडकले. त्यांचा नातू त्याच वाटेनं अंगणवाडीला जातो आणि भांड्यापाशी चार कुत्री बसलेली असतात. अक्का म्हणाल्या, ‘मुक्या जिवाला पाणी नाही घालायचं?’ अण्णा म्हणाले, ‘घाला की, तुमच्या ओट्यावर घाला.’ मला दोघांचंही म्हणणं पटलं. अशा भांडणात बँकेतल्या माणसाला मध्ये घालतात, कारण तो दोन्ही बाजूंचे हिशेब ऐकून घेतो असा समज असतो. शेवटी भांडं मुलांच्या वाटेवरून उचलून मागच्या भिंतीपाशी गेलं. सकाळी भरायचं, दुपारी भरायचं, आणि दिवेलागणीला घासून उपडं करायचं, असं ठरलं. आजवर ते पाळलं गेलं आहे. मुख्यतः अक्कांच्या सुनेमुळे.

उपडं करण्याला दोन कारणं आहेत. रात्रभर उघडं राहिलेलं उरलंसुरलं अन्न उंदीर बोलावतं, आणि उंदरांच्या मुतानं लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्यांत आणि माणसांतही. दुसरं कारण डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आरोग्य खात्याची माणसं ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगत फिरतात. आपण रांजण कोरडा करतो आणि कुत्र्याचं भांडं विसरतो.

खाण्याबाबत तर आता कायद्याचंही बोलणं आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत वस्तीतल्या कुत्र्यांना खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून आणि जाण्यायेण्याच्या दारांपासून दूर ठरवावी असं आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही रस्त्यावर कुठंही न घालता नेमून दिलेल्या जागीच घालावं असं बजावलं. यावर शहरांत बरेच मोर्चे निघाले. लहान गावात नेमलेली जागा म्हणजे चार घरांनी एकत्र बसून ठरवलेली जागा. मात्र जिथं भांडं ठेवलं, तिथल्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचून घेणं ही भांडं ठेवणाऱ्यांची जबाबदारी. ते जमणार नसेल तर पाणी ठेवण्याचं पुण्य अर्धंच राहतं, असं मी अक्कांना सांगितलं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही; सुनेनं घेतलं.

एडिंबरोला ग्रेफ्रायर्स बॉबी नावाच्या कुत्र्याचा एक पुतळा आहे. मालकाच्या थडग्यापाशी बसून राहिलेला म्हणून तो कुत्रा प्रसिद्ध झाला. अँजेला बर्डेट-कूट्स या बँकेच्या घराण्यातल्या बाईंनी पैसे दिले आणि १८७० च्या दशकात तो पुतळा उभा राहिला. (बँकवाल्यांच्या नावावर जमा झालेल्या मोजक्या पुण्यकर्मांत मी हे धरतो.) तो नुसता पुतळा नव्हता, पाणपोई होती : वर माणसांसाठी, खाली कुत्र्यांसाठी. पुढे आरोग्याच्या भीतीनं पाणी तोडलं गेलं आणि नंतर ती पात्रं काँक्रीटनं भरून टाकली. कुत्र्याचा पुतळा सगळे जपतात. त्याच्या पाण्याची कुंडी रोज घासायला माणूस कुठंच मिळत नाही.

एक मात्र जिवाच्या करारावर लक्षात ठेवायला हवं. भांड्यापाशी येऊन उभा राहणारा, पण पाणी न पिऊ शकणारा, जबडा लोंबणारा, लाळ गळणारा कुत्रा दिसला, तर घशात हाडूक अडकलं असेल म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. ते रेबीजचं लक्षण असू शकतं. मुलांना आत घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. चावा किंवा ओरखडा झालाच, किंवा जखमेवर लाळ लागलीच, तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस घ्यायची. आणि घरचा शहाणा कुत्रा असला तरी तो जेवत असताना त्याच्या भांड्यात मुलांनी हात घालायचा नाही. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य टाके घालताना डॉक्टर फार वेळा ऐकतात.

भांड्यात काय नसावं तेही सांगून टाकतो. कांदा-लसणाचं कालवण, द्राक्षं, चॉकलेट. आणि आपल्या द्राक्षांच्या मुलखात कौतुकानं टाकले जाणारे बेदाणेही नकोत; त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडतात.

राहता राहिला हिशेब, आणि तो मला सुचणं साहजिक आहे. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागं साधारण पन्नास ते साठ मिलिलिटर पाणी लागतं. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला पाऊण ते एक लिटर. उन्हाळ्यात त्याहून जास्त, कोरडे दाणे खात असेल तर आणखी जास्त, ताक-भाकरी खात असेल तर कमी. भांडं रोज त्याच तांब्यानं भरलं आणि संध्याकाळी उरलेलं नजरेनं मोजलं, तर आठवड्याभरात त्याची नेहमीची शिल्लक कळते. मग एखाद्या थंड दिवसातही तो दीड लिटरच्या वर पाणी पितोय असं दिसलं, तर ते कौतुक नव्हे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, किंवा नसबंदी न झालेल्या कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात होणारा पू, यांची पहिली खूण पुष्कळदा पाण्याच्या भांड्यातच दिसते. उलट, एक दिवसभर भांडं तसंच भरलेलं राहिलं तरी वाट बघत बसू नये. डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन दिवसांचे आकडे कागदावर लिहून न्यावेत. ‘पाणी किती पितो?’ हा प्रश्न ते बहुधा सगळ्यांत आधी विचारतात, आणि ‘पितो की भरपूर’ या उत्तरानं त्यांना काहीच कळत नाही.